वाचकांचे प्रश्न : रोजंदारीच्या कामगाराचे रेडियम जॅकेट

पाऊस ओसरला की रस्त्यांची आणि इमारतींची अडलेली कामे एकदम अंगावर येतात आणि नाक्यावरून माणसे उचलली जातात. त्यांच्या अंगावर जी पिवळी-नारिंगी जॅकेटे चढवली जातात त्यांबद्दल गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यातली निवडक येथे घेतली आहेत. बहुतेक पत्रांत एक गृहीत दिसले : माणूस दोन दिवसांचा, तर जॅकेटही तसेच चालेल. आमचे मत नेमके उलट आहे. कायमच्या माणसाला डंपर कुठून वळतो, जेसीबी कुठे मागे येतो हे पाठ असते. आज सकाळी आलेल्याला त्यातले काहीच माहीत नसते. सर्वांत चांगले जॅकेट त्यालाच मिळायला हवे.

प्रश्न : दुकानात पन्नास-साठ रुपयांचेही जॅकेट आहे आणि त्याच्या पाच-सहा पट किमतीचेही. दोन्ही पिवळी, दोन्हींवर चमकत्या पट्ट्या. आम्हाला एकदम शंभर नग घ्यायचे आहेत. फरक कसा ओळखायचा? — लेबर कंत्राटदार, चाकण

जॅकेटात दोन वेगळ्या गोष्टी दोन वेगळ्या वेळांसाठी असतात. भडक कापड दिवसासाठी. त्यातला रंग उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून ते दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपात परत देतो. म्हणून ढगाळ हवेत आणि दिवस मावळताना हे कापड आजूबाजूच्या सगळ्या रंगांपेक्षा उठून दिसते. रात्री एलईडीच्या उजेडात मात्र तो परिणाम जवळजवळ संपतो आणि काम पट्टीकडे येते. पट्टीवर काचेचे अगदी बारीक मणी बसवलेले असतात, त्यांच्या मागे ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. आलेला प्रकाश ही पट्टी जिथून आला तिथेच परत पाठवते. दिवा ड्रायव्हरच्या डोळ्यांजवळ, म्हणून ती ड्रायव्हरलाच लखलखीत दिसते.

स्वस्त मालात दोन्हीकडे काटछाट असते. कापड साधे पिवळे, ६० जीएसएमचे (चौरस मीटरला ६० ग्रॅम वजनाचे) विरळ जाळीदार. पट्टी एक इंचाची आणि कधी कधी नुसती चंदेरी प्लास्टिकची. दुकानात ट्यूबलाइटखाली तीही चमकते, म्हणून फसायला होते.

शंभरची ऑर्डर देण्याआधी एक नग घरी आणा आणि एवढे तपासा. मेजर टेप घेऊन पट्टीची रुंदी पाहा, ५० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर तिथेच थांबा. मग जॅकेटवरच्या सगळ्या पट्ट्यांची एकूण लांबी मोजा. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २०४७१ या कपड्यांचे तीन वर्ग करते, वर्ग ३ सर्वांत जास्त उठून दिसणारा. त्यानुसार वर्ग १ ला किमान ०.१० चौरस मीटर, वर्ग २ ला ०.१३ आणि वर्ग ३ ला ०.२० चौरस मीटर पट्टी लागते. ५० मिलिमीटर रुंदीच्या पट्टीत हे अनुक्रमे २ मीटर, २.६० मीटर आणि ४ मीटर होते. भडक कापडही मोजून द्यावे लागते : ०.१४, ०.५० आणि ०.८० चौरस मीटर. साइटवर वाहने फिरत असतील तर वर्ग २ च्या खाली येऊ नका. पोटावरून जाणारी पट्टी पाठीमागेही अखंड गेली पाहिजे. पुढेच पट्ट्या असलेले जॅकेट पाठमोऱ्या माणसाच्या काही उपयोगाचे नाही, आणि फावडे मारणारा माणूस बहुतेक वेळ रस्त्याकडे पाठ करूनच असतो.

दुसरी परीक्षा अंधाऱ्या गोडाऊनमध्ये. जॅकेट भिंतीला टांगा, पंधरा पावले मागे या आणि मोबाइलचा टॉर्च कानशिलाला लावून त्यावर मारा. अस्सल पट्टी पांढरीशुभ्र पेटल्यासारखी दिसेल. आता टॉर्च जॅकेटकडेच रोखलेला ठेवून हात बाजूला पूर्ण लांब करा : चमक एकदम उतरली पाहिजे. टॉर्च कुठेही नेला तरी सारखीच मंद चकाकत असेल तर ते चंदेरी प्लास्टिक आहे.

तिसरी गोष्ट लेबल. आपल्याकडे या कपड्यांसाठी आयएस १५८०९ हे मानक आहे. आयएसआय चिन्हाच्या जोडीला सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपमध्ये टाकून कोणत्या कंपनीच्या नावावर आहे ते पाहा. लेबलावर वर्ग, माप, धुण्याच्या खुणा आणि किती धुण्यांपर्यंत चाचणी झाली ते लिहिलेले असते. लेबलच नसेल तर दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका.

कंपनीचे नाव छापून घेणार असाल तर छाती किंवा पाठीवर एक लहान चौकोन पुरे. पाठभर अक्षरे छापली की तेवढे भडक कापड झाकले जाते. पट्टीवर तर काहीच छापू नये.

प्रश्न : महामार्गावर रात्रीचे डांबरीकरण चालू आहे. बिनबाह्यांचे वर्ग २ चे जॅकेट सगळ्यांना दिले आहे. तेवढे पुरते का? — साइट इंजिनिअर, सोलापूर

नाही. वाहने ताशी ६० किलोमीटरपेक्षा वेगाने जात असतील तर वर्ग ३ हवा, आणि वर्ग ३ नुसत्या बिनबाह्यांच्या जॅकेटने पूर्ण होत नाही. धड झाकलेले हवेच, शिवाय पट्ट्या असलेल्या बाह्या किंवा पूर्ण लांबीची पँट हवी.

कारण साधे आहे. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या हिशेबात वाहन सुरक्षित थांबवायला समोरचे जेवढे अंतर दिसावे लागते ते ताशी ६० ला ८० मीटर, ८० ला १२० मीटर आणि १०० ला १८० मीटर आहे. ताशी १०० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. ड्रायव्हरला दिसून, कळून, पाय ब्रेकवर पडेपर्यंत अडीच सेकंद धरले तर ७० मीटर तिथेच संपतात. तेव्हा प्रश्न ‘दिसतो का’ एवढाच नसून ‘माणूस आहे हे इतक्या लांबून कळते का’ असा आहे. नुसत्या धडावरच्या पट्ट्या लांबून बॅरिकेडच्या किंवा ड्रमच्या पट्ट्यांसारख्या दिसतात. हातापायांवरच्या पट्ट्या हलतात, आणि ती हालचाल डोळा लगेच माणसाची म्हणून ओळखतो.

बाह्या आणि पँट यांतले एकच परवडणार असेल तर रात्रीच्या रस्त्यासाठी पँट घ्या. डिपर लाइटचा झोत खाली झुकलेला असतो, त्यामुळे लांबच्या माणसाच्या पोटऱ्या आधी उजळतात. प्रत्येक पायाला गुडघ्याखाली दोन पट्ट्या, दोन्हींमध्ये किमान ५० मिलिमीटर अंतर आणि खालची पट्टी पँटच्या काठापासून किमान ५० मिलिमीटर वर. पँट दुमडून घातली की ही पट्टी आत जाते, म्हणून लांबी माणसागणिक पाहून द्या. वाहनांना थांबा-जा सांगणाऱ्या फ्लॅगमनला मात्र दोन्ही द्याच : त्याचा इशारा हातानेच असतो.

गरम डांबराजवळ आणखी एक काळजी घ्या. ही जॅकेटे बहुधा पॉलिएस्टरची असतात. आत पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट असू द्या. वेल्डिंग किंवा गॅस कटिंग करणाऱ्याला साधे रेडियम जॅकेट देऊच नका. ठिणगीने ते वितळून कातडीला चिकटते. त्याच्यासाठी ज्वालारोधक कापडाचे वेगळे जॅकेट मिळते, तेही लेबल पाहून.

प्रश्न : नवी जॅकेटे दोन महिन्यांत मळकट होतात, पट्ट्या काळ्या पडतात. धुतल्यावर तर आणखी बिघडतात. काय चुकते? — स्टोअरकीपर, गृहप्रकल्प, वाघोली

बहुतेक ठिकाणी जॅकेट कामाने जितके खराब होते त्याहून जास्त धुण्याने होते. पट्टी भिंगाखाली पाहिली तर मण्यांचा अर्धा भाग उघडा दिसतो, अर्धा गोंदात रुतलेला. ब्रश मारला की मणी उपटून निघतात. दगडावर आपटले किंवा पिळले की पट्टीला आडव्या भेगा पडतात. मण्यांमागचे ॲल्युमिनियम तर क्षाराने विरघळते. सिमेंटचे पाणी तीव्र क्षारयुक्त असते, धुण्याचा सोडाही क्षारच. म्हणजे दिवसभर सिमेंट आणि संध्याकाळी सोडा असा दुहेरी मार बसतो. पट्टी काळी दिसते तो मळ असतोच असे नाही. पुष्कळदा थर उडून खालचा गोंद दिसत असतो, आणि तो कितीही घासला तरी परत चंदेरी होत नाही.

वीस जॅकेटांची एक खेप अशी धुवा. आधी डांबर आणि तेलाचे डाग असलेली बाजूला काढा. बाकीची कोरडीच झटका, धूळ पाण्यात गेली की तीच पॉलिश पेपरचे काम करते. चेन आणि वेल्क्रो बंद करा. वेल्क्रोचे आकडे उघडे राहिले तर शेजारच्या जॅकेटची जाळी ओढतात. जॅकेट उलटे करा. प्लास्टिकच्या अर्ध्या ड्रममध्ये कोमट पाणी, लेबलावरच्या तापमानाच्या वर कधीच नाही, जॅकेटमागे दोन लिटर. वीस नगांना सौम्य पावडर ५० ग्रॅमच्या आसपास पुरे. पंधरा-वीस मिनिटे भिजू द्या, रात्रभर नाही. हाताने दाबून मळ काढा. पट्ट्या मऊ फडक्याने किंवा स्पंजने लांबीच्या दिशेने पुसा. दोन स्वच्छ पाण्यांतून काढा, कारण साबणाचा राहिलेला थरही चमक कमी करतो. न पिळता हँगरला किंवा दोरीला लावून सावलीत वाळवा. कडक उन्हात वाळवले तर ज्या उन्हामुळे रंग चमकतो तेच ऊन तो रंग उडवते, आणि कामावर ऊन लागतेच आहे, वाळवताना तरी नको. ब्लीच, सॉफ्टनर, इस्त्री ही तिन्ही वर्ज्य.

सिमेंट उडाले असेल तर ते घट्ट होण्याआधी, त्याच संध्याकाळी, साध्या पाण्याने धार मारून काढा. वाळलेले सिमेंट नखाने खरवडले की पट्टीही खरवडली जाते. डांबर काढायला रॉकेल, डिझेल वापरू नका. पट्टीचा गोंद सुटतो आणि कापडात ज्वालाग्राही तेल मुरून राहते. डांबराने डाग मोठे पडले असतील तर जॅकेट बाद.

लेबलावर २५ धुण्या लिहिल्या असतील आणि तुम्ही आठवड्याला दोनदा धूत असाल तर एक जॅकेट तीन महिने चालेल. दोन आलटून पालटून दिली तर सहा महिने. पण ही प्रयोगशाळेतली मर्यादा आहे, ऊन आणि घासटणे त्यात नाही. प्रत्येक धुण्याला लेबलावर पक्क्या मार्करने एक रेघ मारायची सवय लावा.

प्रश्न : मग बाद कधी करायचे ते नजरेने कसे ठरवायचे? — सुपरवायझर, औरंगाबाद रोड, अहिल्यानगर

शिवण उलटून पाहा. काठ दुमडलेल्या भागात किंवा खिशाच्या आत ऊन पोहोचत नाही, तिथला रंग नव्यासारखा असतो. बाहेरचा आणि आतला रंग दिवसाउजेडी शेजारी धरा. आतला झगमगीत आणि बाहेरचा लिंबाच्या सालीसारखा फिकट दिसला, तर दिवसाचे काम त्या जॅकेटने सोडले आहे. पट्टीसाठी वर सांगितलेली टॉर्चची परीक्षा घ्या, पण तुलनेला एक नवे जॅकेट काळ्या पिशवीत स्टोअरमध्ये कायम ठेवा. डोळा हळूहळू कमी होणाऱ्या चमकेला सरावतो, समोर नवे असले की लपत नाही. नव्या पट्टीची परावर्तनाची किमान पातळी मानकात ३३० आहे आणि धुणे, घासणे, वाकवणे या चाचण्यांनंतरही ती १०० च्या खाली जाता कामा नये. टॉर्चने हे आकडे मोजता येत नाहीत, पण नव्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत उतरलेली चमक साध्या डोळ्यांनीही स्पष्ट कळते.

पट्टीची कड सुटली असेल आणि बाकी सगळे ठीक असेल तर त्याच शिवणीवरून शिवून घ्यायला हरकत नाही. तुकडाच गेला असेल तर दुसरी पट्टी चिकटवून वेळ मारून नेऊ नका.

बाद केलेले जॅकेट कात्रीने दोन तुकडे करूनच टाका. अख्खे टाकले की ते आठवड्याने कुणाच्या तरी अंगावर परत साइटवर येते.

प्रश्न : आमच्याकडे निम्म्या बायका आहेत. साडीवर शर्ट घालतात, जॅकेट त्यांना मोठे होते, पदर वरून येतो. — महिला मुकादम, नाशिक

हा प्रश्न फार कमी ठिकाणी विचारला जातो, म्हणून मुद्दाम सविस्तर. बाजारात ‘फ्री साइझ’ म्हणून जे मिळते ते धिप्पाड पुरुषाच्या मापाचे असते. सडपातळ बाईच्या अंगावर ते मांडीपर्यंत लोंबते, खांदे घसरतात, पट्ट्या घडीत जातात आणि मोकळा कापडाचा घेर मिक्सरच्या किंवा लिफ्टच्या फिरत्या भागात अडकण्याची भीती राहते. शर्टावरून छातीचे माप घ्या, त्यात दहा ते बारा सेंटिमीटर मिळवा आणि त्या मापाची स्मॉल व मीडियम वेगळी मागवा. दोन्ही बाजूंना वेल्क्रोच्या पट्ट्या असलेले जॅकेट घेतले तर आवळता येते.

पदर डोक्यावर किंवा खांद्यावर घेतला की पाठीवरची उभी पट्टी आणि बऱ्याचदा आडवीही झाकली जाते. पदर आधी कमरेला घट्ट खोचायचा, त्यावर शर्ट, आणि सगळ्यांत वर जॅकेट, हाच क्रम ठेवा. उन्हासाठी डोक्याला रुमाल बांधायचा तर तो हेल्मेटच्या आत, मानेवर मोकळा न सोडता. पाटीचे टोपले वाहणाऱ्या बाईची खांद्यावरची पट्टी लवकर झिजते, तिचे जॅकेट इतरांच्या आधी तपासा.

फिरत्या यंत्राजवळ काम असेल तर चेनवाले जॅकेट टाळा. खांदे, बाजू आणि पुढची बाजू वेल्क्रोने जोडलेले, ओढ बसली की सुटणारे जॅकेट मिळते, ते द्या. त्याच्या वेल्क्रोत सिमेंटची धूळ भरली की ते नीट बंद होत नाही. जुन्या कंगव्याने आठवड्याला साफ करा.

प्रश्न : रोज चेहरे बदलतात, जॅकेटे परत येत नाहीत. किती ठेवायची, कशी वाटायची? — साइट मॅनेजर, पनवेल

एका वेळी जास्तीत जास्त ४० माणसे असतील तर ४० अंगावर, ४० धुण्या-वाळवण्यात आणि १० नवी स्टोअरमध्ये, अशी ९० धरा. तुमच्या भागात पावसाळ्यात वाळायला दोन-दोन दिवस लागतात, तेव्हा आणखी २० लागतील.

प्रत्येक जॅकेटला आतल्या बाजूने, पट्टी सोडून, नंबर घाला. सकाळी हजेरी घेतानाच नंबर टाकून द्या आणि संध्याकाळी हजेरीच्या वहीवर सही किंवा अंगठा घेताना परत घ्या. आठवड्याहून जास्त राहणाऱ्याला त्याचा नंबर ठरवून द्या : दुसऱ्याच्या घामाचे जॅकेट घालायला माणूस नाखूश असतो, ते योग्यच आहे, त्यातून खरूज-नायटेही पसरतात. आलेले जॅकेट न धुता दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला देऊ नका. हरवल्याबद्दल मजुरी कापण्याची कल्पना सोडा. कापाकापी सुरू झाली की माणसे जॅकेट जपण्यासाठी ते काढून खुंटीला टांगतात.

प्रश्न : मुकादम जॅकेट आणि हेल्मेटचे पैसे पहिल्या आठवड्याच्या पगारातून कापतो. हे बरोबर आहे का? — बिगारी कामगार, कल्याण

बरोबर नाही. सुरक्षेची साधने देणे हे काम देणाऱ्याचे कर्तव्य आहे, त्याचे पैसे मजुरीतून वळते करता येत नाहीत. आधी मुख्य कंत्राटदाराच्या सेफ्टी ऑफिसरला सांगा. ऐकले नाही तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्तालयाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या, सोबत हजेरी कार्डाची प्रत आणि किती रुपये कधी कापले ते लिहा. बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. मंडळाकडून सुरक्षा संच दिला जातो. पण तो यायचा आहे म्हणून साइटवरचे जॅकेट थांबवण्याचा अधिकार कुणाला मिळत नाही.

प्रश्न : नारिंगी चांगले की पिवळे? — उपकंत्राटदार, रत्नागिरी

मागे काय आहे त्यावर ठरवा. कोकणात पावसाळ्यात आणि नंतरही सगळे हिरवे असते, तिथे हिरवट पिवळा रंग झाडीत मिसळतो, नारिंगी उठून दिसतो. उलट जिथे नारिंगी कोन, नारिंगी जाळी आणि नारिंगी बॅरिकेड आहेत तिथे पिवळे घ्या. पिवळ्या जेसीबी-पोकलेनच्या ताफ्यात मात्र नारिंगीच बरे. लॉट अर्धा-अर्धा मागवून जागेप्रमाणे वाटता येतो.

पावसात जॅकेटवर साधा रेनकोट चढवला की सगळा खर्च वाया. पट्ट्या असलेला रेनकोट घ्या, नाहीतर जॅकेट एक माप मोठे घेऊन रेनकोटच्या वरून घाला. उंचीवर काम करणाऱ्याने जॅकेट आत आणि हार्नेस (पडण्यापासून वाचवणारा अंगावरचा पट्टा) वर घालावा, आणि बेल्ट आवळून झाल्यावर पट्ट्या चारही बाजूंनी दिसतात का ते दुसऱ्याने फिरून पाहावे. हार्नेसवर जॅकेट घालायचेच असेल तर पाठीच्या डी-रिंगसाठी (दोर अडकवायच्या कडीसाठी) शिवलेली फट असलेलेच हवे. घरी कात्रीने फट पाडू नका.

प्रश्न : शेजारच्या साइटवर रिव्हर्स येणाऱ्या डंपरखाली माणूस सापडला. अंगावर नवे जॅकेट होते. मग उपयोग काय? — वाचक, नागपूर

जॅकेट पाहणाऱ्यासाठी असते. डंपरच्या थेट मागे मोठा भाग असा असतो की ड्रायव्हरला तो कोणत्याच आरशात दिसत नाही. तिथे उभ्या माणसाच्या अंगावर काहीही असले तरी फरक पडत नाही. तिथले उपाय वेगळे : माणसांची आणि गाड्यांची वाट बॅरिकेडने वेगळी करणे, शक्यतो गाडी वळसा घालून पुढेच निघेल अशी आखणी, रिव्हर्स हॉर्न आणि मागचा कॅमेरा चालू आहे का ते रोज पाहणे, आणि रिव्हर्सच्या वेळी एकच ठरलेला सिग्नलमन, ड्रायव्हरच्या आरशात दिसेल अशा बाजूला उभा. त्याचे जॅकेट इतरांपेक्षा वेगळ्या रंगाचे ठेवा, म्हणजे दहा जण हात हलवत असले तरी ड्रायव्हर त्याच्याकडेच पाहील. सिग्नलमन आरशातून दिसेनासा झाला की गाडी जागच्या जागी थांबवायची, ही सूचना ड्रायव्हरला कामावर घेतानाच द्या, आणि नाक्यावरून आलेल्या माणसाला जॅकेट हातात देतानाच डंपरच्या मागची ती जागा प्रत्यक्ष नेऊन दाखवा.